खोडलेलं वाचता आलं पाहिजे

ओर्लिंडा किंतानाला माणसं आवडत नसत, आणि हे ती लपवतही नसे. डोंगरावरच्या प्रयोगशाळेत ती चौतीस वर्षं गळती शोधत होती. नळाची किंवा छपराची नव्हे. तसली गळती आंधळ्यालाही कळते. तिची गळती केसाच्या हजाराव्या हिश्श्याएवढ्या भोकातली. पोलादाच्या एका मोठ्या हंड्यातली सगळी हवा उपसून काढायची, मग बाहेरून प्रत्येक जोडावर, प्रत्येक बोल्टच्या कडेने हेलियम वायूची बारीक फुंकर मारत जायचं. हंड्याला जोडलेल्या यंत्राने हेलियम हुंगला आणि आकडा वर गेला, की समजायचं इथे भोक आहे. हेलियम हलका, वर चढणारा, म्हणून फुंकर वरून खाली आणायची. घाई केली की चुकतं. ओर्लिंडा घाई करत नसे, आणि दुसऱ्या कुणी केली तर त्याच्या सात पिढ्या उद्धरायची.

काम झालं की हंड्यापाशी उभं राहूनच चाचणीपत्रक भरायचं. शाईने. त्या पत्रकाचा एक जुना नियम होता आणि ओर्लिंडा तो देवळातल्या नियमासारखा पाळायची. चुकलेलं खरवडायचं नाही, पांढऱ्या शाईने झाकायचं नाही, कागद फाडायचा तर नाहीच. चुकीवर एकच सरळ रेघ मारायची, अशी की खालचं वाचता यावं. शेजारी खरं काय ते लिहायचं, वेळ घालायची, सही करायची. कुठे चुकलात हे पुढच्या माणसाला दिसलं पाहिजे. चौतीस वर्षांत तिने तारखा खोडल्या होत्या, आकडे खोडले होते. निकाल एकदाही खोडला नव्हता.

आणि हा हंडा कशासाठी? सूर्य बनवण्यासाठी. निदान डॉक्टर लोकांचं, म्हणजे वरच्या शास्त्रज्ञांचं, तसं म्हणणं होतं. हायड्रोजनचे अणू इतके तापवायचे, इतके तापवायचे, की ते एकमेकांत मिसळून एक व्हावेत. त्यातून जी उष्णता निघेल तिची वीज करायची. जळण समुद्राच्या पाण्यातून घ्या, धूर नाही, आणि राख म्हणून उरणार काय तर हाच आपला हेलियम. ऐकायला फार गोड. ओर्लिंडा कामाला लागली तेव्हा डॉक्टर सांगायचे, अजून तीस वर्षं. आता सांगत, अजून पंचवीस.

"चौतीस वर्षांत पाच वर्षं पुढे सरकलात," ती त्यांना तोंडावर सुनवायची. "माझी सासू याहून भरभर चालायची, आणि तिचे दोन्ही गुडघे गेले होते."

डॉक्टर हसून सोडून देत. डोंगरावर डॉक्टर राहत, खोऱ्यात बाकीचे. सकाळी अंधार फिटायच्या आत खोऱ्यातल्या गाड्या घाट चढून वर जायच्या आणि संध्याकाळी उतरायच्या. सूर्य काढायचा कागदावर त्यांनी, आणि बोल्ट आवळायचे यांनी. शोध लागला की फोटो त्यांचा, आणि बोल्ट सैल निघाला की नाव यांचं. हे असंच चालत आलेलं होतं, आणि याचा राग करणं खोऱ्यातल्या लोकांनी कधीच सोडून दिलं होतं. ओर्लिंडाने तेवढं सोडलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी तिचा अर्धा हॉल काढून घेतला गेला. अर्ध्या हॉलमध्ये अंतराळवाले आले. त्यांचं म्हणणं, सूर्य बनवायचा कशाला, एक आहे ना चांगला? छत्तीस हजार किलोमीटर वर, जिथे ढग नाहीत आणि रात्र जवळजवळ होतच नाही, तिथे मैलभर लांबीच्या सौरपट्ट्या तरंगत ठेवायच्या. तिथलं ऊन गोळा करायचं, सूक्ष्मलहरींच्या झोताने खाली पाठवायचं, आणि जमिनीवर तारांचं एक अवाढव्य जाळं अंथरून त्यात ते झेलायचं. हेही ऐकायला गोडच. हॉलच्या मधोमध जमिनीवर पिवळा पट्टा ओढला गेला. इकडे हंडा, तिकडे जाळं.

आणि ते जाळं विणायला तारकाम करणारा म्हणून कोण आला? बेलार्मिनो मेस्तास. ओर्लिंडाचा घटस्फोटित नवरा.

अकरा वर्षांपूर्वी बेलार्मिनो दर शनिवारी तळ्यावर मासे धरायला जायचा. दोन वर्षं जात होता. रिकाम्या हाताने यायचा आणि म्हणायचा, आज गळाला लागलेच नाहीत. शेवटी कळलं की तो तळ्याकडे वळतच नव्हता. अलीकडच्या गावात पेट्रोल पंपामागे एका बाईचं घर होतं, तिथे गाडी थांबायची. ओर्लिंडाने विचारलं तेव्हा त्याने तोंड वर करून सांगितलं, "मी मासेच धरत होतो." घटस्फोटाच्या कागदांवर सह्या झाल्या तरी हेच. न्यायाधीशासमोर हेच. आजतागायत त्याने एकदाही कबूल केलं नव्हतं. नवरा गेल्याचं दुःख ओर्लिंडाने वर्षभरात गिळलं. पण खोऱ्यातल्या बायका चर्चच्या पायरीवर म्हणाल्या, केसाएवढं भोक हुडकते म्हणे, आणि घरात एवढं भगदाड पडलं ते नाही दिसलं. ते मात्र तिच्या घशात अडकलं ते अडकलंच.

पिवळ्या पट्ट्यावरून त्यांची बोलणी चालत ती अशी.

"काय बाईसाहेब, झाला का सूर्य?" बेलार्मिनो तारा पिळता पिळता विचारायचा. "की अजून चूल पेटायचीय?"

"आमची चूल आमच्या घरात तरी आहे, मेस्तास. तुम्ही विस्तव आणायला आभाळात निघालात. न्यायचा कसा वर? खांद्यावर?"

"अग्निबाण आता स्वस्त झालेत."

"हो का? मग एखाद्यावर बसून तूच जा. परतीचं तिकीट काढू नकोस."

"आणि तुमचा हंडा चालला समजा. दर दोन-चार वर्षांनी आतलं अस्तर कणांच्या माऱ्याने खराब होणार, ते बदलणार कोण? तुझा डॉक्टर प्रुइट बाह्या सरसावून आत उतरणार?"

"आणि तुमचा झोत भरकटला तर? गाईगुरं भाजायची का?"

"इतका मंद असतो तो, तुझ्या स्वभावाइतकासुद्धा चटका बसत नाही."

दोघांचं दोघांनाही पटत होतं, हीच खरी गोम होती. बेलार्मिनोला ठाऊक होतं की मैलभर पट्ट्या वर नेऊन जुळवायला कोण धजेल देव जाणे, आणि ओर्लिंडाला ठाऊक होतं की हंड्यातला सूर्य पेटला तरी त्यावर रोज भात शिजवता येणं वेगळं. पण एकमेकांसमोर हे मान्य करतील तर शपथ.

ऑक्टोबरात हुकूम आला की गुरुवारी बाहेरून पाच जणांची समिती येणार, दोन्ही बाजू बघणार, आणि हॉल पुढची दहा वर्षं कुणा एकाला देणार. अंतराळवाले आवारात मोठा फुगा चढवून त्याला झोत सोडणारा प्रक्षेपक टांगणार होते आणि खालच्या जाळ्यावर दिवा लावून दाखवणार होते. हंडेवाल्यांना समितीसमोर हंडा निर्वात करून चाचणी पार करायची होती. आणि शुक्रवारी ओर्लिंडाचा नोकरीतला शेवटचा दिवस. तिला एवढंच हवं होतं की शेवटच्या पत्रकावर "गळती नाही" लिहून, सही करून, घाट उतरावा.

अंतराळवाल्यांच्या फुग्यात हेलियमच भरायचा होता. चाचणीच्या आठवड्यात हॉलमध्ये मोकळा हेलियम म्हणजे ओर्लिंडाच्या यंत्राच्या डोळ्यांत धूळ. हंड्याच्या रबरी कड्यांतून तो हळूहळू झिरपतो आणि भोक नसताना आकडा चढवतो. म्हणून सोमवारी तिने पट्टा ओलांडून त्यांच्या नळकांड्याच्या तोटीला स्वतःच्या हाताने तार गुंडाळली आणि शिशाचं सील ठोकलं.

"गुरुवारी तुमची वेळ येईल तेव्हा मी तोडीन. त्याआधी हात लावलास तर हात मोडून ठेवीन," ती बेलार्मिनोला म्हणाली.

"हात मोडलास तर जाळं कोण विणणार? तुझ्याच डॉक्टरला आनंद व्हायचा." तो हसला. ती हसली नाही.

सोमवारी आकडा शांत होता. मंगळवारी सकाळी नवाच्या सुमारास तो हलला. एखाद्या जोडाशी भोक असतं तर फुंकर मारताच टुणकन वर गेला असता. हा तसा नव्हता. हा सावकाश, सगळीकडून, फुंकर न मारताच चढत होता. दुपारनंतर उतरला. बुधवारी सकाळी नवाला पुन्हा चढला, कालच्यापेक्षा जास्त. ओर्लिंडाने यंत्र तपासलं, नळ्या तपासल्या, कडी तपासली. सगळं ठीक. म्हणजे हेलियम हवेत होता. कुणीतरी सोडत होतं. आणि बेलार्मिनो कामावर यायचा सकाळी आठला.

ती तरातरा पट्टा ओलांडून गेली. नळकांड्याची तार जागेवर, सील जागेवर.

"बघ, नीट बघ," बेलार्मिनो म्हणाला. "तूच ठोकलंयस."

"तार पिळणं हा तुझा धंदा आहे. सील उचकटून पुन्हा बसवणं तुझ्या हातचा मळ."

"ओर्लिंडा, मी हात लावलेला नाही."

"अस्सं? मग मासे धरत होतास?"

आजूबाजूची टकटक थांबली. बेलार्मिनोच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो म्हणाला, "त्याचा इथे काय संबंध? मी सांगतोय की मी तोटी उघडलेली नाही."

"तू सांगतोयस हाच तर पुरावा."

हे बोलताना तिला बरं वाटलं. उगाच कशाला खोटं सांगा, फार बरं वाटलं. ती परत आली, हंड्यापाशी उभी राहिली आणि पत्रकावर निकालाच्या रकान्यात तिने शाईने लिहिलं: "हवेत मोकळा हेलियम. उगम: शेजारच्या गटाचे नळकांडे. सील फेरफार करून बी. मेस्तास यांनी उघडले." खाली सही केली. सही सरळ आली.

डॉक्टर प्रुइट म्हणजे हंडेवाल्यांचे प्रमुख. उंच, पांढऱ्या भुवयांचा माणूस. चौतीस वर्षांत त्याने ओर्लिंडाचं आडनाव तीनदाच उच्चारलं होतं, तिन्ही वेळा चुकीचं, आणि तिने तिन्ही वेळा सुधारलं होतं. त्याने पत्रक वाचलं आणि त्याच्या भुवया उंचावल्या.

"तुझी खात्री आहे?"

"माझी सही आहे."

"तर मग प्रश्नच मिटला," तो म्हणाला आणि पत्रक घेऊन सुरक्षा कार्यालयाकडे इतक्या लगबगीने गेला की ओर्लिंडाला जरा नवल वाटलं. हा माणूस भोक सापडलं तरी चालत जायचा.

जेवणाच्या सुट्टीआधीच बेलार्मिनोचा बिल्ला काढून घेतला. दोन पहारेकरी त्याला दारापर्यंत सोडायला आले. त्याचा जेवणाचा डबा हातात होता, अजून न उघडलेला. नऊ महिन्यांनी त्याचं निवृत्तिवेतन सुरू व्हायचं होतं. चाचणीत घातपात केल्याचा ठपका कायम झाला तर ते गेल्यातच जमा. ते हॉलमध्ये सगळ्यांना माहीत होतं. ओर्लिंडालाही. पट्ट्यापाशी तो थांबला.

"जन्मात एकदा खरं बोललो," तो म्हणाला, "आणि तेही तुझ्याशी बोललो. चूक माझीच."

ओर्लिंडाने यंत्राकडे तोंड फिरवलं. पहारेकऱ्यांनी नळकांडंही ढकलगाडीवर घालून बाहेर नेलं.

गुरुवारी सकाळी समिती आली. पाच जण, पाचांच्या हातात कॉफी. अंतराळवाल्यांचे चेहरे उतरलेले. घातपात करणाऱ्या गटाचं प्रात्यक्षिक बघायचं की नाही यावर समितीत खलबत चालू होतं. प्रुइटने कोटाला ब्रश मारला होता. ओर्लिंडा हंड्यापाशी उभी राहिली, पंप घुमत होते, आकडा खाली खाली येत होता.

नवाला आकडा थांबला. मग चढायला लागला.

ती बघत राहिली. नळकांडं आवाराबाहेर होतं. बेलार्मिनो खोऱ्यात होता. पट्ट्यापलीकडे कुणी चिटपाखरू नव्हतं. आणि आकडा कालच्यासारखाच, सावकाश, सगळीकडून चढत होता. अकरा वर्षांपूर्वी पेट्रोल पंपामागची गाडीही ती अशीच बघत राहिली होती. त्या वेळी दोष दुसऱ्याचा होता.

"काय झालं?" प्रुइट दबक्या आवाजात म्हणाला.

"गप्प बसा," ती म्हणाली.

तिने दुसरं, हातात धरायचं हुंगणारं यंत्र घेतलं आणि त्याची लांब नळी पुढे धरून हॉलमध्ये चालायला लागली. समितीतले लोक बाजूला झाले. हंड्यापासून भिंतीकडे, आकडा वाढला. भिंतीवरून छताच्या हवेच्या जाळीकडे, अजून वाढला. जाळी कुठून येते? मागच्या बोळातून. ती बोळात गेली. झाडलोटीच्या सामानाची खोली ओलांडली. एकशे चौदा नंबरच्या कोठीच्या दारापाशी यंत्र बोंब मारायला लागलं.

दाराला आतून कडी होती. तिने लाथ मारली.

"थांब, थांब, आत येऊ नकोस!" आतून आवाज आला. कचेरीतली शार्लीन. खोऱ्यातलीच, ओर्लिंडाच्या मावसबहिणीची सून, हसतमुख, आणि हंडा म्हणजे नक्की काय याचा विचार कधीही न केलेली. "अगं, उद्याच्यासाठी आहे! आज बघायचं नाही!"

ओर्लिंडाने दुसरी लाथ मारली तशी कडी निघाली.

आत फुगे होते. पन्नासेक तरी असतील. निम्मे छताला टेकलेले, काही मलूल होऊन कमरेएवढ्या उंचीवर लोंबकळणारे, काही सुरकुतून जमिनीवर पडलेले. प्रत्येकावर तिचं नाव. कोपऱ्यात दुकानातून भाड्याने आणलेलं हेलियमचं गुलाबी नळकांडं, तोटी अर्धवट उघडी, सूं सूं करत. आणि भिंतीवर कापडी पट्टी: "चौतीस वर्षं. ओर्लिंडाच्या नजरेतून एकही गळती सुटली नाही."

शार्लीनच्या हातात एक अर्धा फुगवलेला फुगा होता. तो निसटला आणि फुर्रर्र करत खोलीभर फिरून ओर्लिंडाच्या पायाशी पडला.

"सोमवारी संध्याकाळी आणले," शार्लीन कसनुसं हसत म्हणाली. "सगळ्यांनी वर्गणी काढली. पण मेले रोज संध्याकाळी बसायचे. म्हणून मी रोज सकाळी आल्या आल्या पुन्हा भरते. तुला आवडावं म्हणून... तू जन्मभर हेलियमचंच काम केलंस ना, म्हणून म्हटलं हेलियमचेच घेऊ. ओर्लिंडा? अगं, काय झालं? तू रडतेयस का?"

ओर्लिंडा रडत नव्हती. तिने वाकून गुलाबी नळकांड्याची तोटी बंद केली. करकचून.

प्रुइट तिच्या मागोमाग आला होता. त्याने फुगे पाहिले, पट्टी पाहिली, आणि हळूच दार ओढून घेतलं. त्याला समजायला ओर्लिंडाइतकाच वेळ लागला. डॉक्टर होता, मूर्ख नव्हता.

"हे बघ," तो म्हणाला. "खिडक्या उघडू. तासाभरात हवा मोकळी होईल, आकडा उतरेल, चाचणी पार पडेल. समितीला सांगू, कालच्या प्रकारातला वायू रेंगाळला होता. कुणाचं काही बिघडत नाही."

"मेस्तासचं?"

"त्याचं मागाहून बघू. महिनाभरात. शांतपणे. मी स्वतः लक्ष घालीन." त्याने आवाज अजून खाली आणला. "ओर्लिंडा, हॉल गेला तर हंडा मोडीत जाईल. तुझी चौतीस वर्षं आहेत त्यात. आणि तो माणूस... तू स्वतःच सांगितलं होतंस की तो खोटारडा आहे."

"आहेच."

"मग झालं तर."

शार्लीन एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. ओर्लिंडाला त्या माणसाचा असा काही राग आला की फुग्यांसकट त्याला तिथेच कोंडून घालावं. पण रागाचं मूळ कुठे आहे ते तिला ठाऊक होतं. त्याने फक्त पत्रक उचलून नेलं होतं. लिहिलं होतं तिने. शाईने. सील शाबूत दिसत असताना लिहिलं होतं. यंत्र म्हणालं हवेत हेलियम आहे, ते बरोबर होतं. उगम कुठला हे यंत्राने सांगितलं नव्हतं. ते तिने आपल्या पदरचं घातलं होतं, आणि घालताना तिला बरं वाटलं होतं.

"पत्रक कुठाय?" ती म्हणाली.

"सुरक्षा कार्यालयात. फाइलला लागलंय ते आता."

"मागवा."

"ओर्लिंडा..."

"मागवा, नाहीतर मी हे दार उघडते आणि पाचही जणांना एकेक फुगा वाटते."

पत्रक आलं. ती ते घेऊन हंड्यापाशी गेली, कारण पत्रक हंड्यापाशीच भरायचं असतं. समितीतले पाच जण बघत होते. तिने पेन काढलं आणि निकालाच्या दुसऱ्या वाक्यापासून शेवटपर्यंत एक सरळ रेघ मारली. खालचं अक्षर न अक्षर वाचता येत होतं. शेजारी लिहिलं: "चूक. उगम: कोठी ११४, निरोपसमारंभाचे फुगे. नळकांड्याचे सील शाबूत होते. मी ते पाहिले होते. बी. मेस्तास यांचा संबंध नाही." वेळ घातली, सही केली. या खेपेला सही वाकडी आली. तीही तिने तशीच ठेवली.

मग तिने ते मोठ्याने वाचून दाखवलं.

समितीने त्या दिवशी हंड्याची चाचणी पाहिलीच नाही. हवा मोकळी व्हायला रबरी कड्यांमुळे दुपार उलटली, आणि दुपारी चारला त्यांचं विमान होतं. मधल्या वेळात अंतराळवाल्यांनी नळकांडं परत आणून आवारात फुगा चढवला. जाळं नीट ताणायला बेलार्मिनो नव्हता, तरी खाली ठेवलेला दिवा लागला. मिणमिणता, पण लागला. एका दिव्यावरून आभाळातली वीज खरी ठरत नाही आणि पाच-पन्नास फुग्यांवरून हंड्यातला सूर्य खोटा ठरत नाही, एवढी अक्कल त्या पाचांनाही असावी. पण लागलेला दिवा फोटोत दिसतो. हॉल अंतराळवाल्यांना मिळाला. हंडा मोडून पेट्यांत भरायचं ठरलं.

प्रुइट तिच्याशी शेवटचे शब्द बोलला ते असे: "एक रेघ, मिस किंताना. एका रेघेने तीस वर्षं मागे गेलो आपण."

"पंचवीस," ती म्हणाली. "आणि आडनाव या वेळी बरोबर उच्चारलंत."

शुक्रवारी समारंभ झाला नाही. शार्लीनने केक घरी नेला. ओर्लिंडाने लॉकर रिकामा केला, पत्रकाची नक्कल काढून घेतली आणि दुपारी फाटकावर जाऊन उभी राहिली. बेलार्मिनोला बिल्ला परत घ्यायला बोलावलंय हे तिला कळलं होतं. फाटकासमोर एका गाडीपाशी मिरच्या भाजण्याचा फिरता पिंप घरघरत होता आणि ठसका सगळ्या रस्त्यावर पसरला होता.

तो आला. दोन दिवसांत दाढी वाढली होती. तिला बघून गाडीचं दार त्याने मुद्दाम जोरात आपटलं.

"माफी मागायला आलीयस?"

"नाही. हे द्यायला." तिने कागद पुढे केला.

त्याने चष्मा लावून वाचला. एकदा, मग पुन्हा. "पुसलं नाहीस?"

"पुसायचं नसतं."

"माझं नाव दिसतंय खाली. घातपात केला म्हणून. स्पष्ट दिसतंय."

"दिसणारच. मी तुझ्यावर खोटा आळ घेतला हे कुणालाही वाचता आलं पाहिजे. तू मेल्यावरसुद्धा. मी मेल्यावरसुद्धा."

बेलार्मिनोने कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. ठसक्याने त्याला खोकला आला, की नुसता आणला, कोण जाणे.

"आणि दुसरं?" तो म्हणाला. "ते अकरा वर्षांपूर्वी न्यायाधीशापुढे माझ्याविरुद्ध जे लिहून दिलंस? हात लागलाच आहे तर त्याच्यावरही मार की एक रेघ."

ओर्लिंडाने त्याच्याकडे बघितलं. तिच्या तोंडात शिव्या तयार होत्या, चांगल्या मुरलेल्या. तिने त्यातली एकही वापरली नाही.

"तिथे खोडण्यासारखं काही नाही, मेस्तास. ते मी बघून लिहिलं होतं."

पिंप घरघरत राहिला. मिरचीवाल्याने झाकण उघडलं तशी धग दोघांच्या तोंडावर आली. बेलार्मिनोने चष्मा काढून सदऱ्याला पुसला, आणि पुसत असतानाच, तिच्याकडे न बघता म्हणाला, "हो. मी मासे धरत नव्हतो."

ओर्लिंडाने मान डोलावली. मग ती आपल्या गाडीत बसली आणि घाट उतरून गेली.